जाळायचे झेंडे

जाळायचा झेंडा शिवणं ही वेगळी कला आहे आणि ती मला येते, हे मी कुणापासून लपवत नाही. कापड मलमलीचं घ्यायचं, जितकं विरळ तितकं उत्तम. टाका लांब ठेवायचा. कडा दुमडायची नाही, कारण दुमडलेली कडा उशिरा पेटते आणि तोवर चौकात जमलेली माणसं कंटाळतात. आमच्या सरकारी शिवणखान्यातून दर वर्षी निषेधदिनाच्या आधी असे दोनशे झेंडे बाहेर पडायचे. शेजारच्या देशाचे. सीमा बंद झाली तेव्हापासून तीस वर्षं, खंड म्हणून नाही.

बाकीचं वर्ष आम्ही इस्पितळांच्या चादरी, टपालखात्याचे सदरे आणि कैद्यांच्या विजारी शिवतो. शिवणखाना म्हणजे एक लांबलचक दालन, चोवीस मशिनी, मध्ये कटिंगचं टेबल आणि टोकाला दोन पायऱ्या चढून मास्तरांची खुर्ची. मशिनीवर बायका, खुर्चीवर पुरुष, असा नियमच होता. बाईने कितीही वर्षं कापड कापलं तरी कागदोपत्री ती मदतनीस. मी बावीस वर्षं मदतनीस होते. त्यातली शेवटची आठ वर्षं मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. म्हणजे मोजायची मी, कापायची मी, चुकलेल्या पोरींना बोलायची मी, आणि सही तेवढी त्यांची. मास्तर माझे सख्खे मामा. कात्री कशी धरायची ते त्यांनीच मला शिकवलं, त्यामुळे फार बोलायची सोय नव्हती. तरी मी बोलायचेच. पोरी मला कात्रीबाई म्हणतात ते नुसतं हातातल्या कात्रीमुळे नव्हे.

मग सरकार बदललं. नव्या सरकारने एकाच आठवड्यात दोन हुकूम काढले. पहिला असा, की सरकारी कारखान्यात बाई मास्तर होऊ शकते, आणि तिच्या नोकरीच्या कागदावर नवऱ्याची किंवा बापाची सही लागणार नाही. दुसरा असा, की शेजारच्या देशाशी तह. सीमा उघडणार, निषेधदिन सरकारी यादीतून बाद, आणि दोन महिन्यांत त्यांच्या परराष्ट्रमंत्री बाई आपल्याकडे पाहुण्या म्हणून येणार.

मामांनी दोन्ही बातम्या एकाच पेपरात वाचल्या, म्हणजे मी त्यांना वाचून दाखवल्या.

"एका हाताने घर मोडतायत, दुसऱ्या हाताने वेस," ते म्हणाले. "तेरड्याचा रंग तीन दिवस. बघशील तू."

मामांना तसं बोलायचा हक्क होता. त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा मामेभाऊ, सीमेवर मारला गेला तेव्हा वीस वर्षांचा होता. सीमा बंद झाली त्याच वर्षी.

त्या महिनाअखेरीला मामा निवृत्त झाले आणि खुर्चीवर मी बसले. तात्पुरती. तीन महिने काम बघून पुरवठा खात्याचे साहेब अहवाल देणार, मग मला कायम करायचं की परत खाली मशिनीवर पाठवायचं ते ठरणार. सरकारला पेपरात छापायला मी हवी होते आणि साहेबांना मी नको होते. मला मात्र ती खुर्ची हवी होती. उगाच नम्रपणा कशाला दाखवू? आठ वर्षं दुसऱ्याच्या सहीखाली काम केलं की माणसाला स्वतःची सही फार प्यारी होते.

मामा निवृत्त झाले तरी रोज सकाळी दहाला यायचेच. खिडकीपाशी स्टूल ओढून बसायचे आणि मशिनींचा आवाज ऐकत राहायचे. कुठली मशीन तेल मागते आहे ते त्यांना नुसत्या कानांनी कळतं.

पाहुण्यांच्या स्वागताचं काम आमच्याकडेच आलं. साठ झेंडे, मोठ्या रस्त्याच्या दुतर्फा लावायला. साहेब स्वतः नमुन्याचं चित्र घेऊन आले. सहीशिक्क्याचं, पारदर्शक पिशवीत घातलेलं. रुंद हिरवी चौकट, आत जांभळं कापड, जांभळ्यावर पांढरी डहाळी. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला आमचा पुठ्ठ्याचा फर्मा अगदी हेच सांगत होता.

"हा तर आम्ही डोळे मिटून शिवतो," मी म्हणाले.

"हे जाळायचे नाहीत, बाई," साहेब म्हणाले. ते मला मास्तर म्हणायचं टाळायचे. बाई म्हणायचे, मॅडम म्हणायचे, एकदा तर "अहो ऐकलंत का" म्हणाले, तेव्हा मी त्यांना सांगितलं की मला तशी हाक मारणारा माणूस बस चालवतो आणि संध्याकाळी सहाला घरी येतो.

पहिला झेंडा मी माझ्या हाताने शिवला. चांगलं जाड सुती कापड, बारीक टाका, चारी बाजूंनी दुहेरी दुमड. तो टेबलावरच्या दोरीला टांगला तेव्हा सगळ्या पोरी मशिनी थांबवून बघायला आल्या. तो झेंडा आम्ही हजारांनी शिवला होता, पण असा नीटनेटका कधी पाहिला नव्हता. गुन्हेगाराला आंघोळ घालून नवे कपडे चढवावेत तसं काहीतरी वाटलं.

एकटी पलीकडची तिच्या मशिनीवरून उठली नाही.

तिला सगळे पलीकडची म्हणतात. एकोणिसाव्या वर्षी ती लग्न करून अलीकडे आली, आणि दोनच वर्षांत सीमा बंद झाली. माहेर तिकडेच राहिलं. नवरा ट्रकवर होता, तो पुढे वारला. ती पहिल्यांदा शिवणखान्यात आली तेव्हा मामांचा मुलगा जाऊन चार महिने झाले होते. मामांनी तिला पहिलं काम दिलं ते जाळायच्या झेंड्यांचं. "हिलाच द्या," ते म्हणाले होते म्हणे, "म्हणजे कळेल कुणाची आहे ती." तेव्हापासून दर वर्षी दोनशेतले पन्नास-साठ तिच्याच मशिनीवरून गेले. तिने कधी हूं की चूं केलं नाही.

"ये की," मी तिला म्हणाले, "तुझ्या गावचा झेंडा आहे. बघून तर घे."

ती आली, वर मान करून बघितलं, आणि हसायला लागली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तीस वर्षांत तिला असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. पोरींना वाटलं आनंदाने हसते आहे. मला तसं वाटलं नाही. मी जेवणाच्या सुट्टीत तिला इस्त्रीच्या टेबलामागे गाठलं.

"काय झालं हसायला?"

"काही नाही."

"मला फसवू नकोस. काय चुकलंय?"

तिने आधी दाराकडे बघितलं, मग खिडकीतल्या मामांकडे. "हा आमचा नाही," ती म्हणाली. "आमचा उलटा. जांभळी चौकट, आत हिरवा. शाळेत रोज सकाळी त्याच्यासमोर उभी राहायचे मी. डहाळी बरोबर आहे, रंगांची अदलाबदल झालीये."

मी इस्त्रीचं बटण बंद केलं. भाजून घ्यायची हौस नव्हती. "आणि हे तू तीस वर्षं सांगितलं नाहीस?"

"कशाला सांगू?" ती म्हणाली. "पहिल्या वर्षी माझ्यापुढे कापड टाकलं तेव्हा मी रात्रभर रडले होते, की आता आपल्याच हाताने शिवायचा आणि जाळायला द्यायचा. दुसऱ्या दिवशी फर्मा बघितला. मग शांतपणे शिवायला बसले. तुम्ही चौकात जाळायचात, मी घरी चहा करून प्यायचे. माझा झेंडा एकदाही जळला नाही, कात्रीबाई. एकदाही नाही."

मला राग आला, हे खरंच. माझ्या देखत, माझ्या हातांतून, चार हजारांवर झेंडे गेले आणि ही बाई मनात हसत राहिली. मग तो राग जिरला आणि नुसती लाज उरली. ती तशीच राहिली आहे.

मी सरळ मामांकडे गेले. "मामा, झेंड्याचा फर्मा कशावरून केलात?"

"का?"

"आधी सांगा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसून काही फरक पडत नाही त्यांना. "पेपरावरून," ते म्हणाले. "तेव्हा त्यांचा झेंडा इथे होताच कुठे? हुकूम आला की आठ दिवसांत दोनशे हवेत. पेपरात त्यांच्या पार्लमेंटचा फोटो होता. काळा-पांढरा. रंग कुठले ते बातमीत लिहिलं होतं, हिरवा आणि जांभळा. फोटोत दोन्ही काळेच. मी अंदाजाने लावले."

"आणि खात्याकडचं चित्र?"

"ते वीसेक वर्षांपूर्वी एक कारकून आला होता. म्हणाला फायलीला लावायला एक नमुना द्या. मी एक झेंडा दिला."

म्हणजे साहेबांनी पिशवीत घालून आणलेला सहीशिक्क्याचा नमुना हा मामांचा अंदाज होता. आम्ही चुकलो, सरकारने आमची चूक बघून चित्र काढलं, आणि आता तेच चित्र आम्हाला पुरावा म्हणून दाखवत होतं. देशात सगळ्यांना वाटत होतं की आपल्याला शत्रूचा झेंडा पाठ आहे.

मी मामांना पलीकडचीने सांगितलेलं सगळं सांगितलं. त्यांचे हात गुडघ्यांवर होते, तिथेच राहिले.

"म्हणजे आपण जाळला तो कुणाचाच नव्हता," ते म्हणाले.

"हो."

"पोराच्या नावाने दर वर्षी पहिली काडी मी लावायचो." एवढं बोलून त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. थोड्या वेळाने तसंच पाठमोरं म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. नमुना साहेबांचा, सही साहेबांची. तू शिव आणि मोकळी हो. तुझी खुर्ची घालवू नकोस."

मी साहेबांच्या कार्यालयात गेले. चोरून काही करायचं नव्हतं. त्यांना सांगितलं की नमुना चुकलाय.

"कोण म्हणतं?"

"आमच्याकडे एक बाई आहे पलीकडची. तिथेच वाढलेली."

"शत्रूच्या बाईच्या सांगण्यावरून सरकारी नमुना बदलायचा?" साहेब म्हणाले, आणि मग इकडेतिकडे बघून, "म्हणजे, पूर्वीच्या शत्रूच्या."

"मग त्यांनाच विचारा ना. तुमची पत्रं जातायत की आता तिकडे."

"काय विचारू? अहो, तुमचा झेंडा कसा दिसतो, असं? तह करायला बोलावलंय त्यांना. हसं करून घेऊ?" त्यांनी फाईल मिटली. "बाई, सहीशिक्क्याचा नमुना म्हणजे नमुना. तुमचा अहवाल माझ्याच हातात आहे, हे मी वेगळं सांगायला नको."

ते त्यांनी सांगितलंच, आणि तिथेच माझं डोकं फिरलं. तोवर मी खरंच विचार करत होते की मामा म्हणतात तसं करावं. पण बावीस वर्षं मी दुसऱ्याच्या चुका मुकाट्याने कापत आले. मास्तर झाल्यावरही तेच करायचं असेल तर खाली मशिनीवर काय वाईट होतं? तिथे निदान वारा येतो.

परत आल्यावर मी पलीकडचीला म्हणाले, "बरोबर शिवायचे. साठच्या साठ."

मला वाटलं ती खूश होईल. तिचा चेहरा उतरला.

"नको," ती म्हणाली. "चुकीचेच जाऊ देत. आज पाहुणे आहेत म्हणून फुलं. उद्या हे सरकार पडलं, की परत काडेपेट्या निघतील. तेव्हा सगळ्यांना खरा झेंडा माहीत झालेला असेल. मग खराच जळेल."

ती बरोबर बोलत होती. मी कटिंगच्या टेबलावर हात टेकून उभी राहिले आणि जे मनात आलं ते म्हणाले. "मी खुर्चीवर आहे तोवर या दारातून जाळायचा झेंडा बाहेर जाणार नाही. तुझा नाही, कुणाचाच नाही."

"आणि तू खुर्चीवर नसशील तेव्हा?"

"तेव्हाचं मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू?"

तिने खिळ्यावरचा फर्मा काढला, पेन्सिल घेतली, आणि चौकटीवर लिहिलेलं हिरवा आणि आतलं जांभळा, दोन्ही खोडून जागा बदलली. चौकट रुंद असल्यामुळे दोन्ही रंगांचं कापड जवळजवळ सारखंच लागायचं, तेवढं एक नशीब. टांगलेला पहिला झेंडा मी उसवला.

झेंडे मी दहा-दहाचे गठ्ठे करून पाठवले. सोबतच्या पोचपावतीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं: साठ नग, नमुन्यातील रंगांची चूक दुरुस्त करून. साहेबांनी सही केली. साहेब वाचत नाहीत, सही करतात. हे मला माहीत होतं, पण त्यांनी वाचलं असतं तरी मी मागे हटले नसते.

पाहुण्यांच्या दिवशी शिवणखान्याला सुट्टी होती. आम्ही सगळ्या जणी मोठ्या रस्त्यावर जाऊन उभ्या राहिलो. पलीकडची माझ्या शेजारी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. खांबांवर झेंडे लावलेले आणि खाली लोक एकमेकांना विचारतायत, हा कुठल्या देशाचा? कुणीतरी ठामपणे म्हणालं की पाहुणे दुसरेच येतायत, कार्यक्रम बदललाय. समोरच्या फुटपाथवर साहेब दिसले. ते झेंड्याकडे बघत होते, मग हातातल्या कागदाकडे, मग परत झेंड्याकडे. त्यांनी पोलिसाला जवळ बोलावलं, खांबाकडे बोट केलं, तेवढ्यात गाड्या आल्या.

पाहुण्या बाई साठीच्या असतील. ठेंगण्या, साधा कोट. त्या गाडीतून उतरून थोडं चालल्या, पहिल्या खांबाशी थांबल्या, वर बघितलं, आणि दुभाष्याला काहीतरी म्हणाल्या. पलीकडचीने ते ऐकलं. मी विचारलं, काय म्हणाल्या? तिने बोटाचा पदर सोडवला. मग म्हणाली, "म्हणाल्या, आम्हाला वाटलं होतं तुम्ही तो दुसराच लावाल."

म्हणजे त्यांना माहीत होतं. पलीकडच्या बाजूला सगळ्यांना माहीत होतं. तीस वर्षं ते आमच्या बातम्यांत आमचा तो झेंडा जळताना बघत होते आणि बहुतेक हसत होते.

पुढच्या चौकात निषेध समितीची माणसं जमली होती. सरकारने दिवस रद्द केला तरी समिती होतीच. त्यांनी मागच्या वर्षीचा उरलेला झेंडा काढून पेटवला. आमची मलमल, चांगली भुर्रकन पेटली. पाहुण्या बाईंनी तिकडे बघून काही विचारलं आणि दुभाषा गोंधळून आमच्या मंत्र्यांकडे बघायला लागला. तो झेंडा कुणाचा, असं त्यांनी विचारलं होतं. मंत्र्यांना सांगता येईना. समितीवाले ओरडत होते आणि वरचे साठ झेंडे बघून त्यांचा आवाज हळूहळू खाली येत होता. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "अरे मेल्यांनो, आधी बघून तरी घ्या." आमच्या पोरी खिदळल्या. मीही हसले, मनापासून.

साहेबांचं कौतुक झालं. चूक वेळेत लक्षात घेऊन दुरुस्त केल्याबद्दल त्यांना वरून पत्र आलं, कारण पोचपावतीवर सही त्यांचीच होती. मला काही फरक पडला नाही. झेंडा बरोबर लागला होता, आणि माझे तीन महिने संपायला आठवडा राहिला होता.

मग समितीचे अध्यक्ष आले. त्यांचं बुटांचं मोठं दुकान आहे. सोबत आणखी एक जण, आणि त्या दोघांच्या मागे, माझ्या अहवालाचा कागद घेऊन, साहेब. अध्यक्षांनी टेबलावर पेपरातला रंगीत फोटो ठेवला. पाहुण्या बाई, मागे खांब, खांबावर आमचा झेंडा.

"दोनशे," ते म्हणाले. "निषेधदिनाला. यंदा असे. बरोबर रंगांचे."

मी पलीकडचीकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती, तिची मशीन थांबली होती.

"निषेधदिन रद्द झालाय," मी म्हणाले.

"सरकारी रद्द झालाय. खाजगी कामही तुम्ही घेताच की. शाळेचे पडदे नाही शिवत?"

साहेब मध्ये पडले. "हे बघा, वरचं म्हणणं असं आहे, की दोन्ही बाजूंना सांभाळून घ्यायचं. तह झाला, चांगलं झालं. आता या लोकांनाही जरा वाट करून द्यायची. तुम्ही एवढं काम घ्या, मी इथेच अहवालावर सही करतो. कायम झालात समजा."

सुधारणावादी सरकार म्हणतात ते हे. एका खांबावर झेंडा लावायचा आणि दुसऱ्या चौकात तोच जाळायला द्यायचा, आणि दोन्ही शिवायचे कुणी, तर आम्ही.

"मी घेत नाही हे काम," मी म्हणाले.

अध्यक्ष हसले आणि माझ्यावरून पलीकडे खिडकीकडे बघत म्हणाले, "मास्तर, तुम्ही तरी सांगा हिला. तुमच्या घरातलं रक्त सांडलंय तिकडे."

मामा उठले. त्यांना माणसं धूसर दिसतात, आवाजाच्या दिशेने बघतात ते. "माझा पोरगा गेला म्हणून मी शिवले," ते म्हणाले. "चुकीचे शिवले, पण शिवले. तुमचं काय गेलं?"

अध्यक्षांनी टेबलावरचा फोटो स्वतःकडे ओढला.

"आणि मास्तर मी नाही," मामा म्हणाले. "मास्तर ती आहे. तिने नाही म्हटलं."

मी कामाची वही उघडली. आमच्याकडे आलेलं प्रत्येक काम त्या वहीत लिहायचं आणि पुढे मास्तरने घेतलं किंवा नाकारलं असं लिहून सही करायची, अशी पद्धत. मागची सगळी पानं घेतलं, घेतलं, घेतलं अशी भरलेली. मी लिहिलं: जाळण्याकरिता झेंडे, दोनशे. नाकारलं. खाली सही केली.

"तुम्हाला कळतंय ना काय करताय?" साहेब म्हणाले. त्यांनी अहवालाचा कागद वर धरला होता. "मला इथे लिहावं लागेल."

"लिहा," मी म्हणाले. "पण नीट लिहा. मास्तरने आलेलं काम नाकारलं, असं लिहा. मदतनीसाला काम नाकारायचा अधिकारच नसतो, त्यामुळे तसं लिहिलंत तर ते खोटं ठरेल. मास्तर म्हणूनच लिहावं लागेल तुम्हाला. मी वाचून बघणार आहे."

त्यांनी पेन काढलं, टोपण उघडलं. मग लिहिलं. मी कागद मागून घेतला आणि उभ्याउभ्याच वाचला. सगळ्या पोरी बघत होत्या. "मास्तर" हा शब्द होता, त्यांच्याच अक्षरात, पहिल्यांदा. पुढे शिस्तभंग वगैरे होतं, तेही मी वाचलं. कागद परत दिला.

ते तिघे गेले. मशिनी लगेच सुरू झाल्या नाहीत. मी खुर्चीवर बसले. खुर्ची माझी आणखी किती दिवस आहे ते मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही, वरून पत्र यायचं आहे.

पलीकडची दोन पायऱ्या चढून वर आली. तीस वर्षांत ती त्या पायऱ्या कधी चढली नव्हती.

"एक झेंडा शिवून हवाय," ती म्हणाली.

"अगं, तूच शिव की. माझ्यापेक्षा तुझा हात चांगला आहे."

"नाही. मी पुष्कळ शिवले. मला शिवून हवाय. काम घेणार की नाही ते सांग."

मी वहीत नाकारलेल्या कामाच्या खाली लिहिलं: झेंडा, एक, घरी लावण्याकरिता. घेतलं. सही केली. मग खाली उतरून कटिंगच्या टेबलाशी गेले आणि हिरवं कापड पसरलं.

"कुठे लावणार?" मी विचारलं.

"रस्त्याकडच्या दारावर."

"लोक बोलतील."

"बोलू देत," पलीकडची म्हणाली, आणि कापडाचं दुसरं टोक धरून माझ्यासमोर उभी राहिली. "कडा सरळ काप."